अखंड हजार तास

७ एप्रिल, सोमवार
सकाळी अकराला दिवे लावले. पेटीत सोळा सोलर सेल, पेरोव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थाचे. आठ माझे, चिमूटभर क्षार घातलेले. आठ साधे, तुलनेपुरते. वरून सूर्याइतका उजेड, खालून पासष्ट अंशांची शेगडी. आता हजार तास विझायचं नाही. मध्ये विझले की पुन्हा शून्यापासून, हा माझ्या गाइड सरांचा आणि जगाचा नियम. मोजून पाहिलं, १९ मेची पहाट येते.

पेटीवर कागद डकवला: दिवे बंद करू नयेत. खाली सही.

सिलिकॉनची पाटी लोकांच्या गच्चीवर कबुतरांची घाण अंगावर घेत वीस-वीस वर्षं पडून असते. आमचा पेरोव्स्काइट पहिल्या दिवशी तिच्या तोडीस तोड वीज देतो आणि चौथ्या आठवड्यात मान टाकतो. सहा वर्षं मी या मान टाकणाऱ्याची सेवा करते आहे. ३१ जुलैला पीएच.डी.ची नोंदणी संपते. दोनदा मुदतवाढ झाली, दोन्ही वेळा सरांनी माझ्यासाठी वरच्यांपुढे हात जोडले. तिसरी नाही. पेपर स्वीकारला गेला तरच प्रबंध जमा करता येतो. म्हणजे सगळं या पेटीत.

८ एप्रिल, मंगळवार
क्लास सुरू. रामदासपेठ, साडेबारा ते साडेतीन, प्रवेश परीक्षांची पोरं, फिजिक्स. फेलोशिप संपल्यापासून हेच. पावणेबाराला लॅबमधून निघायचं, साडेचारला परत.

निघताना वासनिक काकांनी दारात गाठलं. आमचे लॅब अटेंडंट, जूनअखेर रिटायर. कूलर, लोड, सरांचा फोन असं काहीबाही सांगत होते. हो हो म्हटलं आणि ॲक्टिव्हा काढली. डोकं उन्हाने आधीच भाजलेलं.

१२ एप्रिल, शनिवार
सेलच्या विजेची मोजणी रोज दोनदा. सकाळी दहा, संध्याकाळी पाच. हाताने, कारण डेटा लॉगर दीड वर्षापासून दुरुस्तीला गेलाय. बहुधा त्यानेही तिकडे पीएच.डी.ला नाव घातलं असेल.

सगळे आठ ठणठणीत. एक गंमत: संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा किंचित वर असतो. रोज. माझ्या सेलना संध्याकाळी मूड येतो.

शनिवार म्हणजे सह्या. काका रजिस्टरांची चळत घेऊन येतात. हजेरी, रसायनं, नायट्रोजन, वीज, चाव्या आणि काय काय. लॅबमध्ये मी सर्वांत जुनी म्हणून खाली माझी सही, वर सरांची. दारात उभ्याने, हेल्मेट घालूनच केल्या.

१४ एप्रिल, सोमवार
सुट्टी. क्लासही बंद. दहाला येऊन मोजलं, घरी गेले, पाचला पुन्हा. इमारतीत चिटपाखरू नाही. खोली भट्टी झालेली, कूलर बंद. संध्याकाळचे आकडे खाली. सोळाही सेल सुस्त. सुट्टी यांनाही लागते वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार
काकांनी डब्यातून बुंदी आणली. काल सगळं घर पहाटे पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीला. नातीला खांद्यावर घेऊन चालले म्हणे, आता खांदा धरलाय.

संध्याकाळी आकडे पुन्हा वर. छान.

२९ एप्रिल, मंगळवार
पाचशे तास झाले. माझे आठही नव्वदच्या वर, म्हणजे पहिल्या दिवशीच्या विजेच्या नव्वद टक्क्यांहून जास्त. साधे सेलही पंच्याऐंशीला. साध्यांनी एवढ्यात गाशा गुंडाळायला हवा होता. सरांना म्हटलं, साधेपण जरा जास्तच टिकतायत. सर हसले. "रश्मी, चांगलं झालं तरी तुला खुपतं."

खुपतंच. पण फार नाही खुपलं.

१९ मे, सोमवार
झाले!! दहाला मोजलं. माझे सेल अठ्ठ्याऐंशीच्या घरात. हजार तास. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले, स्वतः. त्यांना असं हसताना मी पहिल्या वर्षानंतर आज पाहिलं. काकांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. "टिकले ना, मॅडम? बस. आता तुमी डॉक्टर."

आईने संध्याकाळपर्यंत सक्करदऱ्याच्या तळ्यापर्यंत बातमी पोचवली. जुलैत माई पोरगी डॉक्टर होऊन राहिली. आई, अजून पेपर जायचाय. "जाईन ना वं. तू काहून असं तोंड करते?"

२४ मे, शनिवार
पेपर गेला. शीर्षकातच आहे: अखंड प्रकाशात हजार तास. क्लास परवाच संपला. आता दुपार माझी.

२६ मे, सोमवार
सकाळी नवीन सोळा सेल लावले, प्रबंधासाठी हाच प्रयोग पुन्हा. दिवसभर लॅबमध्येच बसायचं म्हणून डबा आणला होता.

बाराला पाच मिनिटं असताना काका आले, मला नमस्कार केला, पेटीजवळ गेले आणि दिवे बंद केले. खट्. मग कूलर लावला, खिशातून पेन काढून रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

मी किंचाळले बहुतेक. काका, काय करताय!

ते दचकले. "रोजचंच, मॅडम."

रोजचंच.

नंतर स्टुलावर बसवून सगळं विचारलं. पहिल्या दिवशी दिवे लावून मी घरी गेले तेव्हाच दुपारी एमसीबी पडली होती. माझी पेटी आणि कूलर एका लायनीवर, दोन्ही एकदम झेपत नाही. अख्खा मजला गेला, फ्रिजसुद्धा. सरांनी फोनवर सांगितलं, कूलर चालूच ठेवा, खोली तापली तर मोजायचं यंत्र बिघडतं. म्हणून काकांनी तोडगा काढला. ऐन उन्हात, बारा ते चार, कूलर. तेवढा वेळ दिवे बंद. चारला पुन्हा सुरू. मी साडेचारला यायची तेव्हा सगळं लख्ख.

"मी सांगतलं होतं ना तुमाले. दुसऱ्याच दिवशी, दारात. तुमी हो हो म्हणल्या."

म्हटले होते. आणि तो कागद, दिवे बंद करू नयेत? तो काकांना वाटला रात्रीच्या वॉचमनसाठी.

डबा तसाच परत आणला.

२७ मे, मंगळवार
मागची पानं चाळली. संध्याकाळी मूड येतो. सुट्टी यांनाही लागते. किती शहाणी मी! इथेच सगळं लिहून ठेवलंय आणि मला दिसलं नाही.

अंधार मिळाला की हे सेल सावरतात. उजेडात आतले आयन जागा सोडून भटकतात, अंधारात थोडेफार परत येतात. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. म्हणून तर अखंड म्हणायचं. म्हणून तर साधे सेलही टिकले. माझ्या क्षाराने थोडं केलं असेल, काकांच्या कूलरने जास्त.

सुट्ट्या आणि रविवार सोडून तीस दुपारी. मोजल्या.

कूलरसाठी बाजूच्या खोलीतून लांब वायर ओढून घेतली. एक वायर. एवढंच करायचं होतं एप्रिलमध्ये. कालचे सोळा सेल काढले, नवे लावले. आता खरंच अखंड.

सरांना सांगितलं नाही. उद्या.

३१ मे, शनिवार
उद्या उद्या करत शनिवार आला. काकांनी रजिस्टरं आणली. विजेचं उघडून बसले. निळ्या शाईत, गोल अक्षरात, रोज एक ओळ. दिवे बंद ११.५५, कूलर सुरू. कूलर बंद ४.०५, दिवे सुरू. एकही दिवस चुकला नाही. आणि दर शनिवारी खाली माझी सही. वर सरांची.

सहा सह्या. शेवटची तर ॲक्टिव्हाच्या सीटवर ठेवून केलेली, पेन घसरलेलं स्पष्ट दिसतं.

मी काकांवर चिडले, उगाच. म्हटलं, एवढं लिहिता तर एकदा नीट समजावून सांगायचं ना. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "लिहिलं म्हंजे सांगतलंच ना, मॅडम. सही बी हाये तुमची." चढा आवाज नाही, काही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ जून, शनिवार
बाराव्या दिवशी माझे सेल ऐंशीच्या खाली. साधे साठ. म्हणजे क्षाराचा उपयोग आहे, पण हजार तास वगैरे विसरा.

सरांना सांगितलं. सगळं. उभ्यानेच सांगितलं कारण बसले असते तर रडले असते.

सर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग: "अजून कोणाला माहीत आहे?"

हा पहिला प्रश्न. मला वाटलं होतं विचारतील, किती तास बंद होते.

मग: नवीन बॅच कच्ची असेल. जूनची दमट हवा, फिल्म नीट जमली नसेल. मग: जगात कुठे कोणाचे दिवे अधूनमधून जात नाहीत? मग, अगदी हळू: "मी तुझ्यासाठी दोनदा कुठे कुठे जाऊन बसलो, तुला माहीत आहे."

माहीत आहे. तेच तर. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं, तोंडावर सुनावून आले असते. माझ्या टायफॉइडमध्ये यांच्या घरून महिनाभर खिचडी येत होती.

११ जून, बुधवार
जीव घुसमटतो. पेपर मागे घेतला तर ३१ जुलै गेली, सहा वर्षं गेली. नाही घेतला तर ‘अखंड प्रकाशात हजार तास’ ही ओळ जन्मभर माझ्या नावावर, आणि तिच्यावर विसंबून कुणीतरी कुठेतरी पुढचे सेल बनवणार.

आई स्वयंपाकघरातून: "काहून वं, जेवून राहिली का नुस्तं ताटाकडे पाहून राहिली?"

खोटं बोलले. गरम होतं म्हटलं.

१३ जून, शुक्रवार
काकांना खरं काय झालं ते सांगितलं. त्यांना वाटत होतं मी नुसती लाइट बंद केली म्हणून रागावले. सेल अंधारात सावरतात हे ऐकून ते उलट खूश झाले.

"मंग बराबर हाये ना. सूर्य बी मावळते. तुमचा दिवा काहून मावळू नये?"

नियम आहे, काका. अखंड चालवलं तरच ताकद कळते.

"मायं बी अखंड चालवसान तर मी बी मान टाकीन." आणि गेले चहा आणायला.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. मग डोकं चालायला लागलं. आजच नवे सोळा लावले, बारा ते चार बंद, अगदी रजिस्टराप्रमाणे. काका हौसेने स्विच दाबतात आता, माझ्याकडे बघून.

२० जून, शुक्रवार
मासिकाचं उत्तर आलं. दोघा परीक्षकांपैकी एकाला सगळं आवडलं. दुसऱ्याचा एकच प्रश्न: चाचणीदरम्यान प्रकाश एकदाही खंडित झाला नाही याची खात्री द्यावी, शक्य असल्यास नोंद जोडावी. ४ जुलैपर्यंत उत्तर.

नोंद जोडावी! आहे की नोंद. निळ्या शाईत.

सरांचा मेल लगेच: अभिनंदन, किरकोळ दुरुस्ती, एका वाक्यात उत्तर दे.

एक वाक्य. "होय, प्रकाश अखंड होता." लिहून पाहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. मसुद्यात ठेवलंय.

२३ जून, सोमवार
सरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. विजेचं रजिस्टर कुठे असतं, विचारलं. कपाटात. "काका रिटायर होतायत, जुनी रजिस्टरं तशीही रद्दीत जातात."

मग म्हणाले, "त्यांचाही विचार कर. नोटीस लावलेली असताना दिवे बंद केले. निवृत्तीच्या महिन्यात कागदावर असलं काही आलं तर पेन्शन अडकते. चौतीस वर्षं केलीत त्यांनी."

बरोबर आहे. प्रत्येक गोष्ट बरोबर आहे. जिकडे वळावं तिकडे कुणीतरी चांगला माणूस उभा, आणि मी त्याला ढकलल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही.

पण सूचना त्यांना सरांनी दिली होती. कूलर चालूच ठेवा. हे मी मोठ्याने म्हटलं का? नाही म्हटलं.

२४ जून, मंगळवार
काकांना विचारलं, त्या रजिस्टरमुळे तुम्हाला त्रास झाला तर? त्यांनी हातातली बीकर आधी नीट पुसून ठेवली.

"मी लपवलं नाई काई. ज्यानं लपवलं नाई त्याले कायचा तरास?"

इतकं सोपं नसतं, काका. पेन्शन.

"ते मले माहीत हाये. बायको बी तेच म्हणते." मग बराच वेळ कूलरचं पाणी भरत बसले. त्यांनाही भीती आहे. मला ती दिसली आणि मी नजर वळवली.

२८ जून, शनिवार
बारा ते चार विश्रांतीवाले सेल: पंधरा दिवस झाले. माझे सगळे पंच्याण्णवला. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांनी होते तसेच. म्हणजे एप्रिलचं सगळं खरं होतं, फक्त मी त्याला चुकीचं नाव दिलं. खरा पेपर हाच आहे. छतावरच्या सेलला विश्रांती मिळतेच. ती किती, कधी, कशी द्यायची म्हणजे तो जास्त टिकेल, हे कुणी मोजायला हवं. मला इतका आनंद झाला की पाच मिनिटं विसरले.

मग आठवलं. हे नीट करायला वर्ष लागेल. माझ्याकडे तेहतीस दिवस.

सह्यांचा दिवस. काका चळत घेऊन आले, विजेचं रजिस्टर त्यात नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, सरांनी बाजूला ठेवायला सांगतलं. आणि जमिनीकडे बघत राहिले.

३० जून, सोमवार
काकांचा निरोप. शाल, श्रीफळ, गुच्छ. सर छान बोलले, मनापासून बोलले. काका माइकपुढे उभे राहिले आणि फक्त "सर्वायचे आभार, जय भीम" म्हणून बसले. नात पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. बाकीचे थांबले तरी तिचं चालूच.

दुपारी चार्ज द्यायचा होता. सर मीटिंगला निघून गेले, म्हणून घेणारी मी. यादी काकांच्याच अक्षरात. कपाटाच्या चाव्या, सिलेंडरचा पाना, काचसामान, रजिस्टरं. अकराव्या नंबरवर: वीज व लोड रजिस्टर, एक, भरलेलं. आणि ते टेबलावर होतं, नवं खाकी कव्हर घालून.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तर...

"यादीत नाई टाकलं तर चार्ज अपुरा ना, मॅडम. चौतीस वर्षांत अपुरा चार्ज दिला नाई मी."

यादीवर माझी सही झाली की ते रजिस्टर अधिकृतपणे माझ्या ताब्यात. मग ते नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही, मलाही नाही. आणि सही होत नाही तोवर त्यांचा निवृत्तीचा कागद पुढे सरकत नाही. त्यांना हे माहीत होतं. दोन्ही माहीत होतं. तरी त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

मी सवयीने पेन टेकवलं. त्यांनी यादीवर तळहात ठेवला.

"घाई नसन तर, या बारी वाचून सही करा."

माझ्याने तिथे बसवेना. म्हटलं, घरी नेते, उद्या सकाळी देते. ते हसले. उद्या येतो म्हणाले, "रिटायर माणसाले कायची घाई." शाल अजून खांद्यावरच होती, त्या उकाड्यात.

आता जेवणं झालीत. लॅपटॉप उघडा, मसुद्यात ते एक वाक्य, ४ तारखेला अजून चार दिवस. शेजारी यादी, सहीची जागा कोरी. मी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचते आहे. आठ एप्रिल, दिवे बंद ११.५५.

आई भांडी आवरता आवरता डोकावली. "का वाचून राहिली वं एवढं?"

म्हटलं, ज्यावर सह्या केल्यात ते.